कूलरमधला धूर

गयासनं गोश्ताचं पातेलं ओट्यावर ठेवलं तेव्हा हसीनानं आधी पातेल्यात पाहिलं आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडं. पातेल्यात रान म्हणजे मांडी होती, सीना होता, कलेजी होती, वेगळ्या पिशवीत मुंडी आणि पाय होते. जे पाहिजे होतं तेवढं सोडून सगळं होतं.

“आतडी कुठंय?”

“कोणती आतडी?”

झालं! भर बकरीदच्या दिवशी, अंगावरच्या नव्या कपड्यांची घडी अजून मोडली नव्हती, तेवढ्यात हसीनाचं टाळकं सरकलं.

“कोणती म्हंजे? बोकडाला काय धा-बारा आतड्या असत्यात व्हय? सकाळी दारात सांगितलं. कोपऱ्यापर्यंत तुमच्यामागं पळत येऊन सांगितलं. वर फोन केला. आतडी सोडू नका, आतडी सोडू नका! आन् तुम्ही विचारता कोणती?”

“अगं, कसाई म्हणला ही घाण कशाला नेता घरी. तिथं गर्दी किती, तुला काय माहीत. मी म्हणलं जाऊ दे.”

जाऊ दे! गयासचा सगळा संसार या दोन शब्दांवर चालला होता. बायजीपुऱ्यात त्याचं पत्र्याचे कूलर बनवायचं दुकान. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसायची आणि पावसाळ्यात जेवण सोडून दुसरं काम नसायचं. माणूस मनाचा चांगला, गोड बोलणारा. पण कामाला पाठवावं आणि डोक्याला ताप करून घ्यावा. हसीनानं लग्न होऊन आल्यापासून हा ताप सोसला होता. आज मात्र तिला सोसवेना, कारण आजची गोष्ट आतडीची नव्हती, अम्मीची होती.

अम्मी म्हणजे गयासची आई, सगीरा. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सालची जन्मलेली. हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर पडून होती. हाड जुळलं, पण जेवणावरची वासना गेली ती गेलीच. खिचडी दिली तर दोन घास, शोरबा दिला तर दोन चमचे, आणि मग तोंड भिंतीकडं. डॉक्टर म्हणायचे, यांना काहीतरी खायला घाला, अशानं त्या उठायच्या नाहीत. घालायचं काय? हसीना रोज विचारायची, अम्मी, काय करू? आणि अम्मी रोज म्हणायची, कुछ नक्को.

ईदच्या चार दिवस आधी मात्र तिनं आपणहून हाक मारली. म्हणाली, “गुलमे कर.”

गुलमा म्हणजे धुवून साफ केलेल्या आतडीत मसाल्याचा खिमा ठासून भरायचा, दोऱ्यानं गाठी मारायच्या आणि चुलीच्या धुरात टांगून ठेवायचा, सुकून कडक होईस्तोवर. मग लागेल तसा उतरवून चकत्या करून तव्यावर टाकायच्या. आता शहरात हे कुणी करत नाही. पण सगीराचे गुलमे सगळ्या गल्लीत नावाजलेले. दर बकरीदेला ती हिश्शाचं गोश्त आणि आतडी घेऊन खुलताबादला आपल्या बहिणीकडं जायची, आठ दिवस राहायची आणि गुलमे घेऊन परत यायची. का, तर तिथं चूल आहे. तुमच्या गॅसवर काय होतंय, डोंबल? सुनेला कधी सोबत नेलं नाही. आल्यावर अख्खा गुलमा कुणाच्या हातात दिला नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून, स्वतः चकत्या करून वाढायची आणि सगळ्यांचं खाऊन झालं की हसीनाकडं बघून म्हणायची, “तू कित्ताबी कर, तेरे हाथ में मजाच नै गे.”

हाताला चव नाही! बिर्याणी केली तरी तेच, साधी आमटी केली तरी तेच. चितेगावच्या शेतकऱ्याच्या घरात मराठीत वाढलेली हसीना सुरुवातीला रडायची, नंतर गप्प बसायची, आणि आता इतक्या वर्षांनी ते वाक्य आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दोन वर्षांखाली खुलताबादची ती बहीण, अख्तरीखाला, वारली, अम्मीचं तिकडं जाणं सुटलं आणि गुलमेही बंद झाले. अम्मी म्हणाली, माझे हात थरथरतात. आणि आता तीच म्हणत होती, तू कर.

हसीनानं मनाशी धरलं होतं. करीनच. असे करीन की म्हातारी चाटून-पुसून खाईल आणि ते वाक्य गिळून टाकील. आणि हा नवरा पहिल्याच पायरीवर आतडी सोडून आला होता!

“आत्ताच्या आत्ता परत जा,” ती म्हणाली.

गयास गेला. दुपार कलल्यावर पिशवी घेऊन आला, कपाळावरचा घाम पुसत, मोठा गड जिंकल्यासारखा. हसीनानं पिशवी परातीत रिकामी केली आणि मटकन खालीच बसली. आतडी होती. धुतलेली, पांढरीशुभ्र. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरलेली.

“आता काय झालं? साफ करून आणली ना? मुद्दाम त्याला जास्त सांगून साफ करून घेतली.”

“अहो, चिरलेल्या आतडीत खिमा कसा राहील? चिरलेल्या पिशवीत तुम्ही पीठ आणता का?”

“मग तसं सांगायचं की आधी.”

हसीनानं परात उचलून बाजूला सारली. बोलली असती तर ईदच्या दिवशी तोंडातून नको ते गेलं असतं. कुर्बानी तीन दिवस चालते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तिनं बुरखा चढवला, स्वतः कसायासमोर जाऊन उभी राहिली आणि न चिरलेली आतडी डोळ्यांसमोर पिशवीत घालून घेतली. वर कसाई हसला. म्हणाला, “भाभी, आजकाल हे करतं कोण?” ती म्हणाली, “मी करते. बांधा गपचूप.”

आता पुढचं विचारायचं होतं अम्मीला. तिथं तर निराळीच तऱ्हा.

“अम्मी, आतडी कशी साफ करायची?”

“उलटी करायची.”

“कशी उलटी करायची?”

“जशी होती तशी.”

“मीठ किती?”

“लगेल उत्ता.”

“आन् मसाला?”

“मसाला मसाल्यासारखा.”

हसीनाच्या मनात आलं, बघा, मरायला टेकली तरी सांगायची नाही. सून शिकून जाईल ना! सगळं मुठीत धरून वर न्यायचंय हिला. ओठावर आलेलं तिनं गिळलं आणि न्हाणीत जाऊन बसली. बांबूची काडी घेतली, तिच्यावर आतडीचं टोक चढवून मोज्यासारखी उलटी केली. मीठ चोळलं, हळद चोळली, लिंबू पिळलं, पुन्हा धुतलं, पुन्हा वास घेतला, पुन्हा धुतलं. कंबर मोडली. हाताचा वास दोन दिवस गेला नाही. स्वतः जेवायला बसली की उलटी यायची.

खिमा तिनं हातानं कुटला. चरबी घातली, लसूण, धणे, लाल मिरची, थोडं दगडफूल. हे सगळं कालवायला फळीवरचा मोठा स्टीलचा डबा काढला. चांगला खोल, घट्ट झाकणाचा. त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांत ‘अख्तरी’ असं नाव कोरलेलं. खुलताबादचा डबा, राहिला होता इथंच. तसं कुणाच्या घरात दुसऱ्याचं भांडं नसतं? पण डब्याचं झाकण वाजलं आणि बाहेरून अम्मी जी ओरडली!

“वो डब्बे कू हात नक्को लगा! ठेव! ठेव आधी!”

“अम्मी, रिकामाच तर आहे.”

“ठेव म्हणलं ना!”

ठेवला. डब्याला हात लावला म्हणून पण बोलणी! हसीनानं खिमा परातीत कालवला आणि मनातल्या मनात काय काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

भरायला घरात काही साधन नव्हतं. रॉकेलचं जुनं नरसाळं होतं ते टाकून दिलेलं. गयासनं प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून दिलं. एवढं एक काम त्यानं धड केलं. हसीना अंगठ्यानं खिमा दाबत होती, आतडी फुगत होती आणि मधेच फुस्स करून फुटत होती. फुटली की तिथं गाठ. पुन्हा भरायची. शेवटी अर्ध्या खिम्याचे गुलमे झाले, वाकडे-तिकडे, कुठं जाड कुठं बारीक. उरलेला खिमा फ्रीजरमध्ये गेला.

आणि मग लागली झड. मराठवाड्यात एरवी पाण्यासाठी आकाशाकडं बघत बसावं लागतं, पण हसीनाला ऊन पाहिजे होतं ना, मग कसं पडेल ऊन? सकाळी झिमझिम, दुपारी झिमझिम, गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही. तिनं गुलमे मधल्या खोलीत दोरीवर टांगले आणि खाली पंखा लावला. दोन दिवस घरातली माणसं वाकून चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जो वास आला त्यानं तिला कळायचं ते कळलं. गुलमे बाहेरून चिकट आणि आतून हिरवट झाले होते.

कुर्बानीचं गोश्त कचऱ्याच्या गाडीत टाकत नाहीत. भर पावसात, डोक्यावर गोणपाट घेऊन, तिनं मागच्या अंगणात खड्डा केला आणि एवढी मेहनत पुरून टाकली. रात्रीतून मांजरांनी तो खड्डा उकरला. गयास म्हणाला, “चला, मांजरांची तरी ईद झाली.” हसीनानं हातातलं उलथनं त्याच्या दिशेनं भिरकावलं. लागलं नाही, हे त्याचं नशीब. मग तीच ओट्याला टेकून ढसाढसा रडली. रागानं रडली. या घरात आपल्या हातून एक गोष्ट नीट होऊ नये? एक?

बाहेरून अम्मीचा आवाज आला. “हुए क्या गे?”

“होतायत!” हसीना ओरडली आणि डोळे पुसले.

आता उरला फ्रीजरमधला खिमा. तो गेला की संपलं. शिवाय वेळही चालला होता. सगीराच्या घरची रीत अशी, की कुर्बानीचं गोश्त मोहरमचा चांद दिसायच्या आत, म्हणजे ईदनंतर वीसेक दिवसांत, खाऊन-वाटून संपवायचं. बाकीच्या घरांत कुणी हे मानतं, कुणी मानत नाही, काही जण तर सुकवून मोहरमच्या गहू-डाळीच्या खिचड्यासाठी राखून ठेवतात. पण अम्मीपुढं दुसऱ्या घरांची नावं घेऊन उपयोग नव्हता. चांद दिसला की तिनं त्या गोश्ताला तोंड लावलं नसतं.

उन्हाचा भरवसा नाही तर धूर पाहिजे. आणि धूर पाहिजे तर चूल पाहिजे. स्लॅबच्या घरात चूल कुठून आणायची? हसीना गच्चीच्या दारात उभी राहून पावसाकडं बघत होती, आणि समोर गयासचे गंजके कूलर भिजत होते. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांनी बदलून दिलेले, पंखे काढलेले, नुसते पत्र्याचे खोके. बघता बघता तिच्या डोक्यात उजेड पडला. तिन्ही बाजूंना झडपा, वरून पत्रा, खाली टाकी. वर काठी आडवी टाकून गुलमे टांगायचे, खाली घमेल्यात निखारे ठेवायचे. पाऊस वरून गेला काय आणि बाजूनं गेला काय!

“कूलरमध्ये धूर?” गयास हसून हसून वाकला. “अगं, थंड हवेची वस्तू ती.”

“तुम्ही हसा. आन् तो कूलर जिन्याच्या आडोशाला ओढून द्या.”

कसायाकडून पुन्हा आतडी आणली, पुन्हा साफ केली, पुन्हा भरली. या वेळी कमी फुटली. भुसा गयासनं फर्निचरच्या दुकानातून आणला, पोतंभर, फुकट मिळाला म्हणून खूश. हसीनानं निखाऱ्यांवर टाकला आणि काळाकुट्ट धूर निघाला, नाकात झोंबणारा. प्लायवूडचा भुसा! त्यात निम्मा सरस. शेजारच्या भागूबाईच्या गॅलरीत साड्या वाळत होत्या, तो सगळा धूर तिकडं.

“हसीना भाभी! घर पेटलंय का काय तुमचं?” भागूबाई गच्चीच्या कठड्यावरून डोकावली. पलीकडच्या घरातली, तोंडानं फटकळ आणि कानानं तिखट. “पाच साड्या धुतल्या व्हत्या मी! आता काय नेसून जाऊ लग्नाला, हा जळका वास?”

“भागूबाई, अम्मीसाठी करायला लागले ओ. परत धुऊन देते मी साड्या.”

“साड्यांचं मरू द्या. काय करायला लागलात ते तरी सांगा.”

हसीनानं सांगितलं. भागूबाईनं कूलरच्या झडपेतून आत पाहिलं, आत टांगलेले गुलमे पाहिले, पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की खोकला लागला. “भाभी, लोक कूलर लावून झोपत्यात, तुम्ही बोकड झोपवलं व्हय त्यात!” हसीनाला हसू आलं नाही. तिनं एक गुलमा उतरवून टोक तव्यावर टाकलं आणि चाखलं. कडू जहर. ते टोक कापून फेकलं, बाकीचे गुलमे ओल्या फडक्यानं पुसले आणि घमेलं रिकामं केलं.

संध्याकाळी अम्मीच्या गोळ्या आणायला बाहेर पडली तर कोपऱ्यावर भुट्ट्याचा गाडा. निखाऱ्यावर कणसं भाजली जात होती आणि त्या धुराचा वास आला तशी हसीना जागीच थांबली. गोड, खमंग वास. आणि ओळखीचा. कुठला? अम्मी खुलताबादहून यायची तेव्हा तिच्या ओढणीला यायचा तो! खालाच्या घरचं भुट्ट्याचं दुकान होतं, दर्ग्यांना येणाऱ्या लोकांसाठी. चुलीत दुसरं काय जळणार?

“खाऊन फेकलेली कणसं द्या मला,” ती गाडेवाल्याला म्हणाली.

“फेकलेली?”

“व्हय, दाणे काढलेली. सगळी द्या.”

गाडेवाल्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की बाई चांगल्या घरची दिसते पण काय वेळ आली बिचारीवर. पण दिली. ती पिशवी भरून रोज आणायला लागली. गॅसपाशी वाळवायची, निखाऱ्यांवर ठेवायची, आणि कूलरच्या झडपांतून निळसर धूर संथ वाहायला लागायचा. छत्री घेऊन ती तिथं स्टुलावर बसायची. निखारा भडकला की पाण्याचा हबका, विझला की फुंकणी. डोळे लाल, केसांना धूर, कपड्यांना धूर. भागूबाई रोज डोकावून विचारायची, “उठलं का बोकड?” गुलमे आक्रसत चालले, तांबूस झाले, वरून कोरडे, बोटानं दाबले तर आतून घट्ट. हसीनाला वाटलं, जमलं. या खेपेला जमलं. मोहरमचा चांद ज्या संध्याकाळी दिसायचा त्या दिवशी सकाळी ती गयासला म्हणाली, “मी अम्मीला अंघोळ घालते. तुम्ही इथं नुसतं बसा. कशाला हात लावू नका. नुसतं बसा.”

अम्मीचे केस विंचरत होती तेव्हाच तिच्या नाकाला वास आला. ती कंगवा टाकून जिन्यानं धावली.

गयासनं कूलरला पंखा बसवला होता. दुकानातून आणून, वायर जोडून, चालू करून. म्हणजे आयुष्यभर जे केलं तेच केलं! घमेल्यातली कणसं धडधड पेटली होती, चरबीचे थेंब पडून जाळ वर चढत होता, आणि काठीवरचे गुलमे पंख्याच्या वाऱ्यात झोके खात होते.

“म्हणलं हवा लागली की लवकर सुकतील,” गयास म्हणाला. “चांद आजच आहे ना.”

हसीनानं आधी वायर उपटली, मग बादली ओतली, मग नवऱ्याकडं वळली. तोंड उघडलं आणि नुसता हुंदका आला. जाळाच्या बाजूनं सगळे गुलमे काळे ठिक्कर पडले होते. एक बाजू तांबूस, सुरेख. एक बाजू कोळसा.

“खरवडून टाकू की,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही खाली जा. माझ्यासमोर थांबू नका.”

तिनं एक गुलमा खरवडून पाहिला. काळं निघता निघता आतडीच निघाली आणि खिमा भसकन बाहेर आला. दुसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. आता गोश्त नाही, वेळ नाही, आणि अंगात जीवही नाही. आता म्हातारी काय म्हणणार ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं. मरू दे, म्हणू दे. निदान पोटात काही जाऊ दे तिच्या.

तिनं पातळ चकत्या केल्या, तव्यावर परतल्या, काळी कड एकमेकींखाली लपवून बशीत मांडल्या आणि अम्मीपुढं आणून ठेवल्या. गयास दारात उभा राहिला, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा.

अम्मीनं एक चकती उचलली. तोंडात घातली नाही. आधी उलटी करून पाहिली.

आता बोलेल, हसीनाला वाटलं. तिनं दात आवळले.

अम्मी त्या काळ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग चकती तोंडात टाकली आणि सावकाश, डोळे मिटून चावली. गिळली. दुसरी उचलली.

“आपाचे बी ऐसेच जलते थे,” ती म्हणाली. “चुलीकडची बाजू नेहमी काळी. मी तिला बोलायची, अख्तरी आपा, जरा फिरवत जा ना. ती म्हणायची, दोन हात आहेत मला, दुकान बघू का गुलमे फिरवू?”

हसीनाला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि कानात एकदम गरम वाटायला लागलं.

“म्हंजे? गुलमे खाला करायच्या?”

“मग कोण करायचं? मेरे कू कहां आते!” अम्मी म्हणाली. जणू ही गोष्ट सगळ्या जगाला माहीत होती. “काळं मी खरवडून टाकायची इथं आल्यावर, दार लावून. माझ्या बहिणीला कुणी नाव ठेवू नये म्हणून. आन् आपलंच नाव झालं तर झालं.”

“आन् मी विचारलं, मीठ किती, मसाला किती…”

“मेरे कू मालूम होता तो बोलती ना गे.”

हसीना उभी होती ती उभीच राहिली. इतकी वर्षं! इतकी वर्षं या बाईनं बहिणीच्या फुकटच्या गुलम्यांच्या जोरावर तिला उठता-बसता सुनावलं होतं. तोंडावर आलं होतं सगळं. पण अम्मी अजून बोलतच होती, बशीकडं बघत.

“लग्न झाल्यावर एकदा केले होते मी. हौसेनं आपाला नेऊन दिले. तिनं तोंडात टाकला आणि थुंकला. म्हणाली, सगीरा, तेरे हाथ में मजाच नै गे.” ती जराशी हसली. “सगळ्या बायकांसमोर म्हणाली. परत नाही केले मी. कधीच.”

दारात गयास खाकरला. अम्मीनं बशी बाजूला सारली. दोनच चकत्या खाल्ल्या होत्या.

“अम्मी, खा ना अजून,” हसीना म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला, की एवढं ऐकूनही आपल्या तोंडून हेच निघावं.

“बस. वो डब्बा ला.”

“कोणता?”

“आपाचा. वरचा.”

हसीनानं फळीवरून डबा काढून आणला. अम्मीनं तो मांडीवर घेतला, ओढणीनं पुसला, कोरलेल्या नावावरून पुन्हा पुन्हा पुसला.

“वो गई तब से यहींच पडा है,” ती म्हणाली. “तिच्या घरचा डबा. तिनं भरून दिलेला. आपल्यात डबा रिकामा परत करतात का? आणि तिच्या डब्यात तिच्या घरी पाठवायला माझ्याकडं होतंच काय? बिर्याणी पाठवू? मिठाई पाठवू? दोन वर्षं रोज बघते त्याच्याकडं. वाटलं, असंच जायचं मला, तिचा डबा अंगावर ठेवून.” तिनं डबा हसीनापुढं केला. “भर याच्यात सगळे. गयास, तू निजामुद्दीनकडं घेऊन जा, चांद दिसायच्या आत पोचव. म्हणावं, तुझ्या अम्मीचा डबा.”

निजामुद्दीन म्हणजे अख्तरीखालाचा मुलगा. गयास मान हलवून चपला शोधायला लागला.

“आणि सांग, हसीनानं केलेत म्हणून. माझं नाव घेऊ नको.”

हसीना डबा घेऊन ओट्याशी आली. जे ऐकायला एवढं केलं ते वाक्य अम्मीनं म्हटलंच नव्हतं. चांगले झाले, एवढे दोन शब्द! ते नाहीच म्हणाली म्हातारी. तिनं नाक पुसलं, गुलमे एकेक करून डब्यात रचायला घेतले आणि सवयीनं सुरी उचलली. परक्या घरी पाठवायचे, निदान वरचे दोन तरी नीट दिसावेत.

बाहेरून अम्मीची हाक आली, बऱ्याच महिन्यांत आली नव्हती इतकी खणखणीत.

“हसीना! काळं खरवडू नको गे. तसेच दे.”